आत्याबाईंना हलवण्याची मुदत

किती वेळात वर येईल ते मला नका विचारू दादा. बाकी काहीही विचारा — मोर कुठं आहेत, प्यायचं पाणी कुठं मिळेल, अस्वल झोपलंय की मेलंय — सगळं सांगते. पण पाणघोडा पाण्यातून किती वेळात वर येईल, हे या खिडकीवर विचारायचं नाही, आणि विचारलंच तर मी उत्तर देत नाही. का म्हणजे? असल्या प्रश्नाचं उत्तर द्यायच्या नादात एका भल्या माणसाचं काय झालं ते मी या डोळ्यांनी बघितलंय म्हणून. ठेवा तो कॅमेरा कट्ट्यावर, काही होत नाही त्याला. गर्दी चारनंतर. तोवर तुम्ही, मी आणि हा पंखा — आणि पंखा म्हणजे काय, मनात आलं तर फिरतो.

आणि एक सांगू, पाणघोडा म्हणू नका तिला. पाटीवर लिहिलंय तसं, पण आहे ती बाई, आणि अख्ख्या बागेत तिला आत्याबाई म्हणतात. का म्हणजे — तुमच्याकडे नाही का कुणी आत्याबाई? एकदा येऊन बसली की हलायचं नाव नाही, सगळं जागेवर हातात द्यायचं, आणि वर रुसवा तिचाच. तुम्ही आत्ता बघून आलात ते नवं तळं. पूर्वी ती मागच्या बाजूला असायची, माकडांच्या पलीकडे, जुन्या तळ्यात. त्याला तडा गेला. सकाळी पाणी भरायचं, संध्याकाळपर्यंत ते उतरायचं, पुन्हा सकाळी भरायचं — पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. आणि या प्राण्याचं कसं असतं, कातडी कोरडी पडली की भेगा पडतात, जखमा होतात. दिसायला एवढं धूड, पण आतून नाजूक — आमच्या भावजयीसारखं. हे मी बोलले नाही हं. चांगली आहे बिचारी भावजय, मी त्यांच्याकडेच राहते, धाकट्या भावाकडे.

तर नवं तळं बांधायचं ठरलं. कंपनी आली, यंत्रं आली, आणि त्यांच्याबरोबर एक माणूस आला — उंच, किडकिडीत, खिशाला दोन पेनं, काखेत लॅपटॉप आणि लॅपटॉप पुसायला पिवळं फडकं. यांचं काम काय, तर काम करायचं नाही, कुठलं काम कधी होईल ते सांगायचं. मी म्हटलं, म्हणजे ज्योतिषी. ते म्हणाले, नाही बाई, ज्योतिषाला चुकायची सवलत असते. हसून नाही हं, अगदी गंभीरपणे. ऑफिसात तेव्हा रंगकाम चाललेलं, म्हणून आमच्या मोठ्या साहेबांनी, म्हणजे संचालकांनी, त्यांचं टेबल आणून टाकलं इथं, या तिकिटाच्या खोलीत, माझ्या कोपराला त्यांचं कोपर लागेल एवढ्यावर. मी इतकी वर्षं इथं एकटी बसलेली. पहिल्या दिवशी वाटलं, झालं, आता डबा कुठं उघडायचा. आणि आठवड्याभरात मी डबाच मोठा आणायला लागले — ते राहू दे. नाव होतं त्यांना चांगलं, पण सगळी बाग त्यांना मुदतराव म्हणायला लागली. कारण दिसेल त्याला एकच प्रश्न — याला किती दिवस लागतील?

ते सॉफ्टवेअर त्यांनी मला दाखवलं. म्हणजे कुणाला तरी दाखवायचंच होतं त्यांना, आणि मला काही खिडकी सोडून पळता येत नव्हतं. डावीकडे कामांची नावं, उजवीकडे निळ्या पट्ट्या. खोदाई — एवढे दिवस, एवढी पट्टी. तिच्या शेपटातून बाण निघतो आणि पुढच्या पट्टीच्या डोक्यात घुसतो — म्हणजे हे संपल्याशिवाय ते सुरू करायचं नाही. आणि गंमत अशी की तारीख आपण लिहायचीच नाही. आपण फक्त सांगायचं, काय कशानंतर आणि कशाला किती दिवस — तारखा आपोआप पडत जातात. मी जन्मभर उलटंच करत आलेली, आधी तारीख ठरवायची आणि मग धावत सुटायचं. ते म्हणायचे, बाई, हातानं तारीख टाकली की तिथं खिळा ठोकला जातो, मग मागचं जग बुडालं तरी ती पट्टी तिथंच लटकते. आणि नवीन काम लिहिलं की ते यंत्र आपणहून 'एक दिवस' टाकतं आणि पुढं प्रश्नचिन्ह काढतं — म्हणजे, मला ठाऊक नाही बाबा, तू सांग. ते प्रश्नचिन्ह मुदतरावांना डोळ्यात कुसळ गेल्यासारखं सलायचं. ते पुसायला म्हणून बागभर हिंडायचे. गवंड्याला विचारलं, किती दिवस? गवंडी म्हणाला, होईल की. होईल की म्हणजे किती? म्हणजे होईल. मग मुदतराव तिथंच उभे, रागावणं नाही, ओरडणं नाही, नुसते उभे — शेवटी गवंडी कंटाळून काहीतरी आकडा सांगायचा. तो घेऊन एवढ्या आनंदानं परत यायचे, जसं काही दोन्ही हातांनी जपून अंडं आणलंय.

बरं, हुशारी होती हं त्यात, वेडेपणा नव्हता. शनिवार-रविवार त्या पडद्यावर राखाडी असायचे — सुट्टी, काम धरायचं नाही. पण सिमेंट वाळायला लावलं तेव्हा त्यांनी दिवस वेगळ्या रीतीनं लिहिले, म्हणाले, माणसाला रविवार असतो, सिमेंटला नसतो, ते रात्रंदिवस वाळतं. मला ते फार आवडलं. घरी जाऊन भावजयीला सांगितलं, सिमेंटला रविवार नसतो. ती म्हणाली, मलाही नसतो. आणि मग म्हणाली, ताई, हल्ली तुम्ही त्या कंपनीवाल्यांचं फारच सांगता. मी म्हटलं, मी सिमेंटबद्दल सांगतेय.

मग एक दिवस पडद्यावर ती ओळ आली. 'आत्याबाईंना हलवणे.' एक दिवस, प्रश्नचिन्ह. मुदतराव गेले नानांकडे — नाना म्हणजे आत्याबाईंचे रखवालदार, पिल्लू होती तेव्हापासून तेच बघतात — आणि विचारलं, किती वेळ लागेल. नाना म्हणाले, चुटकीसरशी, माझ्या शब्दाबाहेर नाही ती. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, नऊ मिनिटं किंवा नऊ महिने, मधलं काही नाही. मोठे साहेब म्हणाले, तुम्ही तज्ज्ञ ना, तुम्हीच ठरवा. बघा म्हणजे. मुदतरावांनी डोळे मिटले आणि लिहिलं, दोन तास. प्रश्नचिन्ह पुसलं. पण त्या दिवशी ते त्या ओळीकडे बघत राहिले, जसं आपण गॅस बंद केला की नाही याच्या विचारात दाराकडे बघतो तसं.

आणि त्यात साहेबांनी घोळ घातला. महापौरबाई उद्घाटनाला येणार, त्यांनी एक तारीख दिली. साहेब आले, पडद्यावर बोट ठेवलं — बोटाला लोणी लागलेलं, तो डाग मुदतराव नंतर कितीतरी वेळ पुसत होते — आणि म्हणाले, उद्घाटन, इथं ही तारीख लिहा. मुदतरावांनी समजावलं, साहेब, तारीख लिहायची नसते, ती यावी लागते, आधी प्राणी हलू दे. साहेब म्हणाले, महापौर हलत नाहीत, तुमचा प्राणी हलवा. लिहिली. हातानं लिहिली. ओळीच्या कडेला एक बारीकसं लाल चिन्ह उगवलं, खिळ्याचं. उद्घाटनाला पट्टीही नसते, ठाऊक आहे? पत्त्यातल्या चौकटीसारखं एक टिंब, मुदत शून्य दिवस. मी म्हटलं, एवढा मांडव, एवढी धावपळ आणि शून्य दिवस? ते म्हणाले, तो क्षण असतो बाई, आला की गेला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी डबा तसाच बंद घरी नेला, तर भावजय म्हणाली, आज सिमेंट उपाशी राहिलं वाटतं.

तळं झालं, वेळेत झालं हं, पाणीही भरलं. आता फक्त हिला तिकडं न्यायची. लोखंडी पेटी आणली, बैलगाडीएवढी, जुन्या तळ्याच्या तोंडाशी लावली, आत कोबीचे गड्डे. नानांनी हाक मारली. आत्याबाई आली, मान आत घातली, कोबी खाल्ला, आणि पाय न उचलता तशीच मागं गेली. मागं. एवढं धूड, पण मागं जायची सफाई अशी की बसचे ड्रायव्हर बघून शिकतील. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. कोबी संपत चालला, आत्याबाई बाळसं धरायला लागली. आणि इकडं पडद्यावर — तिची दोन तासांची पट्टी आठवड्याची झाली, मग दोन आठवड्यांची, आणि तिच्या शेपटाला बांधलेली सगळी कामं उजवीकडे सरकत निघाली, गवत लावणं, पाट्या रंगवणं, सगळी, आगगाडीच्या डब्यांसारखी. उद्घाटन तेवढं खिळ्याला टांगलेलं. म्हणजे आधी उद्घाटन आणि मग पाणघोडा. वरातीमागून घोडं ऐकलं होतं, हे वरातीमागून पाणघोडं.

त्यात नानांचं निराळंच नाटक. त्या सॉफ्टवेअरमध्ये माणसांची नावंही टाकतात, कोण कुठल्या कामावर. नाना एकाच वेळी जुन्या तळ्यावरही हवेत आणि नव्या तळ्यावरही, म्हणून यंत्रानं त्यांचं नाव लाल केलं. एवढंच. पण साहेबांनी तो कागद छापून फळ्यावर लावला. दुसऱ्या दिवशी नानांची बायको या खिडकीशी उभी, डोळ्याला पदर — माझ्या नवऱ्याचं नाव लाल का? काढून टाकणार का त्यांना? मुदतराव उठून बाहेर गेले, तिला खाली बसवलं, म्हणाले, वहिनी, लाल म्हणजे वाईट नाही, लाल म्हणजे एका माणसावर दोघांचा भार टाकलाय, चूक आमची आहे. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, मग आमच्या घरात मला लाल करा. त्यांनी खरंच मान डोलावली. या माणसाला थट्टा कळत नाही, पण त्यामागचं खरं कळतं — उलटं असणारे पुष्कळ बघितलेत मी.

आणि मग तो रविवार. नाना सुट्टीवर, मजूर सुट्टीवर, बाग मात्र उघडी, म्हणजे मी इथं. एक बाई धापा टाकत आल्या, म्हणाल्या, अहो ते पाणघोडं त्या पेटीत जाऊन उभं राहिलंय. मी म्हटलं, खोटं. खिडकी सोडली आणि पळाले — पहिल्यांदाच सोडली, साहेबांना सांगू नका — तर खरंच. अख्खी आत. शेपूट तेवढं बाहेर, ते पण हलतंय खुशीत. नानांच्या जागी आलेला बदलीचा माणूस म्हणाला, दार लावायचं माझ्या कामात येत नाही. मी मुदतरावांना फोन केला. ते रस्त्यापलीकडच्या लॉजवर राहायचे. आले धावत, एका पायात चप्पल, एका पायात बूट, काखेत लॅपटॉप. मी म्हटलं, दार लावा. ते म्हणाले, थांबा बाई, आज रविवार आहे. मी म्हटलं, मग? ते म्हणाले, प्लॅनमध्ये आज सुट्टी आहे, आधी आजचा दिवस कामाचा करायला हवा. आणि तिथं कठड्यावर बसून त्यांनी लॅपटॉप उघडला. खरं सांगते दादा. राखाडी रविवार पांढरा केला. आता एक दिवस बदलला की सगळ्या पट्ट्या नव्यानं जागेवर यायच्या, पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं. चक्र फिरतंय, आम्ही बघतोय. चक्र थांबलं, सगळं जागेवर आलं. मुदतराव म्हणाले, हां, आता चालेल. मान वर केली — पेटी रिकामी, आत्याबाई पाण्यात, नाकपुड्या तेवढ्या वर. बैल गेला आणि झोपा केला.

मी चहा आणून दिला. आणि मग ते हसायला लागले. आधी एवढंसं, मग पार पाणी येईपर्यंत डोळ्यांत. पहिल्यांदाच हसताना बघितलं मी त्यांना. हसताना त्यांचा एक दात जरासा वाकडा दिसतो, डावीकडचा — हे तुम्हाला कशाला सांगतेय मी.

पण खरं म्हणजे हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नव्हतं. जुन्या तळ्यातलं पाणी आता भरलं तरी तासाभरात गुडघ्याखाली यायचं. आत्याबाईच्या पाठीवर भेगा दिसायला लागल्या, नाना दिवसभर नळी धरून उभे. आणि कंपनीचा फोन आला. कोपराला कोपर, न ऐकून करते काय. मागच्या एका कामाला उशीर झाला होता, त्याचं खापर यांच्यावरच फुटलं होतं, आणि आता हेही लांबलं तर घरी बसा, असं स्पष्ट. ते नुसते हो हो म्हणत होते. फोन ठेवला, फडक्यानं पडदा पुसला, आणि मला विचारलं, बाई, तिला भीती कशाची वाटत असेल? मी म्हटलं, पेटीची. ते म्हणाले, मलाही. त्यानंतर ते तळ्याच्या कठड्यावर जाऊन बसायला लागले. किती दिवस, किती तास, काही विचारणं नाही. ती कान हलवायची, हे मान हलवायचे. नाना मला म्हणायचे, तुमचा माणूस कामातून गेला. मी म्हटलं, माझा कुठला.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. नव्या तळ्यावर मांडव, उतारावर आडवी लाल फीत, खुर्च्या, महापौरबाई, सगळं होतं — पाणघोडा नव्हता. साहेबांनी ठरवलं होतं की पाण्याचंच उद्घाटन करायचं, आणि कुणी विचारलं तर सांगायचं, प्राणी तळाशी विश्रांती घेतोय. मुदतराव इथं बसले होते, पडदा पार लाल. त्यांनी लॅपटॉप मिटला. मला म्हणाले, जरा तिच्यापाशी जाऊन बसतो. मी म्हटलं, जा.

आता बँडवाले. त्यांना साहेबांनी माकडांच्या मागं उभं केलेलं, बोलावल्याशिवाय पुढं यायचं नाही म्हणून. त्यांच्यात एक भोंगेवाला — तो अंगाभोवती वेटोळं घातलेला भला मोठा पितळी भोंगा असतो ना, तो. जाडसर, साधा माणूस. त्यानं सहज घसा साफ करावा तसा भोंगा साफ केला. भोंऽऽ. आणि तळ्यातून आवाज आला, हुं हुं हुं. मुदतराव उठून उभे राहिले. भोंगेवाल्यानं पुन्हा फुंकलं. पुन्हा हुं हुं, आणि आत्याबाई पाण्यातून उठली, कान ताठ, काठाशी आली. नाना तोंड उघडून बघत राहिले, त्यांनाही तिचा हा सूर कधी ठाऊक नव्हता. मुदतरावांनी कुणाला काही विचारलं नाही. भोंगेवाल्याची बाही धरली, त्याला बँडमधून उपसून रस्त्यावर आणला, नव्या तळ्याकडं तोंड करून उभा केला आणि सांगितलं, "वाजवत राहा, चालत राहा, मागं बघू नका." आणि नानांना म्हणाले, फाटक उघडा. पेटी नाही, गाडी नाही, प्लॅनमध्ये एक ओळ नाही, बाण नाही, पट्टी नाही. नाना म्हणाले, साहेबांची परवानगी? मुदतराव म्हणाले, "पाणी संपलंय, नाना." आणि नानांनी फाटक उघडलं.

मी इथूनच बघितलं. आधी भोंगा ऐकू आला, मग भोंगेवाला दिसला, गाल फुगवून, ऐटीत — त्याला वाटत होतं मागून कुणी मोठे पाहुणे येतायत. आणि त्याच्यामागं आत्याबाई. रस्त्याच्या मधोमध. घाई नाही, गडबड नाही, भाजी आणायला निघालेल्या बाईसारखी. मी सहलीला आलेल्या सगळ्या आजीआजोबांना या खोलीत ओढलं, एवढ्याशा खोलीत, एक आजोबा माझ्या खुर्चीवर, एक आजी तिकिटांच्या पेटीवर. ती इथून गेली, या इथून, हात बाहेर काढला असता तर पाठीला लागला असता. मागं नाना, हातात कोबी, त्यांच्याकडं कुणी बघत नाही. आणि त्यांच्या मागं मुदतराव, लॅपटॉप छातीशी धरलेला, कुणाचं तान्हं पोर सांभाळायला दिल्यासारखा, आणि तोंडावर असं काही — कसं सांगू — असं तोंड करून माझ्याकडं कुणी बघावं म्हणून मी… खोली फार भरली होती, मला उकडत होतं.

तिकडं महापौरबाई कात्री घेऊन उभ्या. भोंगेवाला फितीपर्यंत पोचला आणि आता पुढं काय, म्हणून त्यानं मागं वळून बघितलं. दादा, त्या माणसानं भोंग्यासकट पाण्यात उडी घेतली. त्याच्यामागं आत्याबाई, फीत घेऊन, कपाळावर मुंडावळ बांधल्यासारखी. आणि मग ती लाट. महापौरबाई केसांच्या पिनांपर्यंत भिजल्या, साहेबांच्या हातातल्या भाषणाचा लगदा झाला. भोंगेवाला पलीकडच्या काठानं असा बाहेर पडला की पाण्याला कळलं नाही कोण येऊन गेलं. भोंगा मात्र अजून तळाशी आहे. तुम्हाला मघाशी बुडबुडे दिसले म्हणालात ना, ती नाकानं ढकलत असते त्याला. महापौरबाईंनी तोंडावरचं पाणी पुसलं आणि विचारलं, "झालं का उद्घाटन?" साहेब म्हणाले, "हो बाई, ठरल्याप्रमाणे." आणि बाई अशा हसल्या, अशा हसल्या, की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

नंतर मुदतराव इथं येऊन बसले, लॅपटॉप उघडला. काम झालं की तिथं लिहायचं असतं, प्रत्यक्षात किती वेळ लागला. त्यांनी मला विचारलं, बाई, किती वेळ लागला? मी म्हटलं, मी घड्याळ बघितलं नाही. तुम्ही? ते म्हणाले, मी पण नाही. घाबरले होते हं ते सांगताना. नानांना विचारलं, नाना म्हणाले दहा मिनिटं. एक आजी म्हणाल्या, तासभर. भोंगेवाल्याला विचारलं, तो म्हणाला, जन्म गेला. मुदतरावांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, आणि मग आपल्या हातानं लिहिलं, एक दिवस, आणि पुढं प्रश्नचिन्ह. लॅपटॉप मिटला आणि मला म्हणाले, आज डब्यात काय आहे?

कंपनी खूश. तारखेला उद्घाटन झालं ना, मग कंपनीला काय, खिळ्यानं झालं की भोंग्यानं. मुदतरावांना एका पुलाच्या कामावर पाठवलं, लांब, बसनं तीन तास. जायच्या दिवशी ते टेबल न्यायला आलेल्या माणसांच्या मध्ये मध्ये करत उभे. शेवटी म्हणाले, बाई, मी परत आलो तर चालेल का? आता यावर माणूस काय म्हणेल? चालेल म्हणेल, या म्हणेल. मी म्हटलं, "तिकीट काढून या." का म्हटलं विचाराल तर मला ठाऊक नाही. तोंडातून निघून गेलं. इतकी वर्षं तेच एक वाक्य बोलतेय मी, दुसरं तयारच नव्हतं. आणि मी सांगितलं ना, थट्टा कळत नाही या माणसाला. दर रविवारी येतात. रांगेत उभे राहतात, तिकीट घेतात, आत्याबाईला बघून येतात, मग इथं बसून चहा घेतात आणि संध्याकाळच्या बसनं परत जातात. नाना म्हणतात, अहो, तुम्हाला कशाला तिकीट. ते म्हणतात, बाईंनी सांगितलंय. आणि मी इकडं दर रविवारी त्यांना तिकीट फाडून देते.

लग्न राहून गेलं माझं. काही झालं नव्हतं, कुणी फसवलं नाही, कुणी मेलं नाही — आधी वडिलांचं आजारपण, मग भावाचं शिक्षण, मग राहून गेलं, एखादा नळ चालू राहून जातो तसं. त्याचं काही वाटेनासंही झालं होतं. आणि मागच्या रविवारी ते आले, रांगेत नाही उभे राहिले. मागच्या दारानं सरळ आत. मला वाटलं, तिकिटाचे पैसे विसरले. त्यांनी विचारलं. साध्या शब्दांत विचारलं, काय ते तुम्हाला नाही सांगणार, पण साध्या शब्दांत. माझ्यापुढं रांग, एक माणूस सुटे पैसे मागतोय. मी म्हटलं, मला विचार करायला वेळ लागेल. ते म्हणाले, "कि—" आणि तिथंच थांबले. ओठ मिटून घेतले. कान लाल झाले. मग म्हणाले, नाही, राहू दे, लागेल तेवढा लागू दे. बघा म्हणजे. हा माणूस. गवंड्याला सोडलं नाही, पाणघोड्याला सोडलं नाही, आणि मला विचारलं नाही.

तेव्हाच ठरलं माझं. तिथंच, सुटे पैसे मोजता मोजता. आठवडाभर कुणाला बोलले नाही, भावाला नाही, भावजयीला नाही. ती सारखी विचारतेय, ताई, गुणगुणता कसलं. आज हो म्हणणार आहे मी त्यांना — म्हणजे…

अगं बाई. मी तुम्हाला काय सांगत बसले. तुम्ही पाणघोड्याचं विचारायला आला होतात. अजून त्यांना ठाऊक नाही आणि तुम्हाला — ओळख ना पाळख. हसू नका. तो कॅमेरा उचला. आणि ती बस थांबली बघा वळणावर, जा तुम्ही आता, माकडांकडून जा, इकडून नको, रस्त्यात कुणी उंच माणूस भेटला तर काही बोलायचं नाही. केसांचं ठीक आहे ना माझ्या? नाही, सांगू नका. जा. खिडकी बंद आहे.